परक्याच्या हाती देताना

घरातल्या वस्तूंना घरच्या माणसांची सवय झालेली असते. एखाद्या कपाटाचे दार किंचित वर उचलून मगच ओढावे लागते. एखादा नळ अर्ध्यावर थांबवला तर बंद होतो आणि शेवटपर्यंत फिरवला तर पुन्हा गळू लागतो. घरच्यांच्या हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की वस्तूत काही खोड आहे हेच ती विसरून जातात. मग एके दिवशी पाहुणा येतो, भल्या माणसासारखे दार सरळ ओढतो, आणि बिजागरीसकट दार त्याच्या हातात येते. पाहुणा बिचारा ओशाळतो. आपण मात्र हसून म्हणतो, "अहो, ते जरा उचलून ओढावं लागतं!" जणू ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकातच छापलेली होती!

स्वयंपाकाचेही तेच. आमच्या आजीच्या गोड्या मसाल्याची कृती आईने तिच्याकडून लिहून घेतली होती. ती वही अजून आमच्या घरात आहे. तीत धने 'मोठ्या वाटीने चार' आहेत, दगडफूल 'नेहमीइतके' आहे आणि तेल 'लागेल तसे' आहे. आजीच्या दृष्टीने कृती पूर्ण होती, कारण मोठी वाटी तिच्या फडताळात होती आणि 'नेहमी' तिच्या हातात होते. पुढे बिऱ्हाड बदलताना ती वाटी कुठे तरी गेली आणि तिच्याबरोबर मसाल्याची चवही गेली. कृती हरवली नाही; हरवली ती वाटी.

आपल्यापुरती केलेली वस्तू आणि परक्याच्या हाती देण्याजोगी वस्तू यांत असे मोठे अंतर असते. ते अंतर कसे तोडावे लागते हे मला अलीकडे पाहायला मिळाले, आणि तेही ज्या क्षेत्राशी माझा एरवी काडीचाही संबंध नाही अशा क्षेत्रात.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. ज्या सरांच्या हाताखाली मी एम. ए. केले त्यांनी निवृत्तीनंतरची कित्येक वर्षे दक्षिण कोकणात हिंडून बोलीतले शब्द जमवले होते. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ, तो ऐकला त्या गावाची खूण आणि कोपऱ्यात आणखी एखादे चिन्ह, असा त्यांचा शिरस्ता. सर गेल्यावर बाईंनी ती कार्डे माझ्याकडे पाठवली : बुटांच्या पुठ्ठ्याची अकरा खोकी आणि त्यांत सव्वीसशेच्या आसपास कार्डे. आमच्या एम. ए.च्या दोन विद्यार्थ्यांनी हौसेने ती सारी संगणकावर उतरवून काढली. आता फक्त शब्द कोशाप्रमाणे क्रमाने लावायचे, एवढेच काम उरले असे मला वाटले. यंत्राला ते काय अवघड?

यंत्राने क्षणार्धात यादी लावून दिली. पण 'काल'च्या पाठोपाठ 'काळ' आणि त्यानंतर 'काव'! शिवाय 'क्षमा' क-काराच्या गर्दीत आणि 'ज्ञान' ज-काराच्या. आपण लहानपणी 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असे ताल धरून घोकले, ते सारे पाण्यात. पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत काम करणारी माझी भाची दिवाळीला आली होती. तिला मी हा अत्याचार दाखवला.

"मामा, यंत्राला ळ-बिळ काही कळत नाही," ती म्हणाली. "प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला आहे. ल च्या पुढचाच नंबर ळ चा. यंत्र नंबर बघतं. थांब, मी तुला एक छोटी स्क्रिप्ट लिहून देते."

स्क्रिप्ट म्हटले की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे एक तर लिपी येते, नाही तर नाटकाची संहिता. ही स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एका ठरावीक कामापुरत्या दिलेल्या सूचनांचा कागद. मोठा प्रोग्राम हा कारखाना मानला तर स्क्रिप्ट म्हणजे अडकित्ता. एकच काम, पण नेमके. भाचीने तो अडकित्ता एका संध्याकाळी, फराळाचे ताट शेजारी ठेवून, जेमतेम चाळीस ओळींत तयार केला. ळ ह-कारानंतर गेला, क्ष आणि ज्ञ आपापल्या जागी जाऊन बसले. मी धन्य झालो.

तिने ही स्क्रिप्ट 'पर्ल' नावाच्या भाषेत लिहिली होती. पर्लची कथा तिने सांगितली ती माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला सुखावणारी आहे. १९८७ साली ही भाषा जगापुढे ठेवणारे लॅरी वॉल हे मूळचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. ज्या भाषेला लिपी नाही अशी एखादी भाषा शोधावी आणि तिच्यासाठी लिपी तयार करावी, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा बेत होता. प्रकृतीच्या कारणाने तो सोडावा लागला, आणि माणसांच्या बोलीला लिपी द्यायला निघालेल्या या गृहस्थांनी यंत्रासाठी भाषा घडवली. नाव मोत्याचेच ठेवायचे होते. पण त्या नावाची एक भाषा आधीच होती, म्हणून इंग्रजी स्पेलिंगातला एक 'ए' गाळून टाकला. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या अंगी आळस, उतावीळपणा आणि गर्व हे तीन सद्गुण असावेत, असे सांगणारेही हेच. पुन्हा पुन्हा तेच काम करण्याचा खरा आळस असला तरच माणूस ते काम यंत्राला शिकवतो आणि कुणी शंका विचारू नये म्हणून आधीच नीट लिहून ठेवतो! आमच्या स्टाफरूममधला आळस मात्र अजून या पायरीला पोचलेला नाही.

"पण तुला आमचा वर्णक्रम कुणी सांगितला?" मी भाचीला विचारले, कारण तिच्या शाळेतल्या मराठीच्या मार्कांचा मी साक्षीदार आहे.

"मला कुणी नाही सांगितला. सादाहिरो तोमोयुकी म्हणून एक जपानी लेखक आहेत. वेगवेगळ्या भाषांतले शब्द त्या त्या भाषेच्या क्रमाने लावायचं मॉड्यूल त्यांनी लिहिलंय. त्यात मराठीही आहे. मी फक्त ते बोलावून घेतलं."

मी थोडा वेळ गप्पच बसलो. सावंतवाडीच्या आसपासचे शब्द, ते जमवणारे आमचे सर, आणि त्यांतला ळ योग्य जागी बसवून ठेवणारा कोणी जपानी माणूस! त्याला ना सर ठाऊक, ना सावंतवाडी. त्याने जे केले ते नीट बांधून, नाव घालून, चारचौघांच्या फडताळात ठेवून दिले, आणि ते आमच्या उपयोगी पडले.

त्या फडताळाचे नाव 'सीपॅन'. जगभरच्या पर्लच्या लेखकांनी आपापले काम आणून ठेवावे आणि ज्याला हवे त्याने फुकट न्यावे, असे हे सार्वजनिक भांडार. टेक् नावाच्या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी असे एक भांडार आधीपासून होते. त्याच्याच धर्तीवर फिनलंडचे यार्को हिएतानिएमी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे उभे केले, आणि १९९५ च्या ऑक्टोबरात ते सर्वांना खुले झाले. आज त्यात दोन लाखांहून अधिक मॉड्यूले आहेत. पायथॉन, रुबी, जावास्क्रिप्ट अशा इतर भाषांचीही आता अशीच भांडारे आहेत, आणि काही तर याहून कितीतरी मोठी आहेत. भाचीच्या कचेरीतली तरुण मंडळी तिला "पर्ल? अजून?" म्हणून हसतात. ती म्हणते, "आजीच्या सुरीला धार आहे तोवर हसू देत."

दिवाळी संपून ती परत निघाली तेव्हा सहज म्हणाली, "मामा, तुझी स्क्रिप्ट सीपॅनवर ठेवते. आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

मला वाटले, ठेवायची म्हणजे ठेवायची. दोन मिनिटांचे काम. ते संपायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. एका संध्याकाळी लिहिलेली स्क्रिप्ट परक्याच्या हाती देण्याजोगी करायला तिला तीन महिन्यांचे शनिवार-रविवार लागले, आणि त्यांतल्या बऱ्याच रविवारी तिचा मला फोन असे.

पहिल्याप्रथम तिने स्क्रिप्टमधले घर बाहेर काढले. म्हणजे असे, की कार्डांची फाइल कुठे आहे ते तिने सूचनांतच लिहून टाकले होते. अमक्या यंत्रावर, तमक्या कप्प्यात. तो कप्पा माझ्या टेबलावरच्या यंत्रात होता. जगात इतरत्र कुठेही नव्हता. ते सारे पुसून 'वापरणारा देईल ती फाइल' असे करावे लागले. दार उचलून न ओढता उघडेल असे करणे ते हेच.

मग आली मोठ्या वाटीची पाळी. आपल्या स्क्रिप्टला दुसरी कोणकोणती मॉड्यूले लागतात आणि पर्लची निदान कितवी आवृत्ती लागते, याची यादी बरोबर द्यावी लागते. ती यादी वाचून घेणाऱ्याचे यंत्र बाकीचे जिन्नस भांडारातून आपणच मागवून घेते. ज्यांना तेवढाही व्याप नको असतो ते लागणारे सारे एकाच फाइलीत कोंबून देतात. पहिला प्रकार शिध्याचा, दुसरा भरलेल्या डब्याचा. दोन्ही चालतात. 'नेहमीइतके' आणि 'लागेल तसे' मात्र तेथे चालत नाही.

नंतर नाव. सुट्या स्क्रिप्टांसाठी सीपॅनवर पूर्वी एक वेगळा कप्पा होता. पण तो मागे पडला, आणि आता अशी स्क्रिप्ट रीतसर गाठोडे बांधून 'ॲप' या आडनावाखाली ठेवण्याचा प्रघात आहे. पुढचे नाव आपण निवडायचे. मी चार भारदस्त संस्कृत नावे सुचवली. "मामा, नाव वाचून काम कळलं पाहिजे. शोधणारा तुझ्या अलंकारांनी शोधत नाही," असे म्हणून तिने चारही परत केली. शेवटी ठरलेले नाव इतके साधे होते की त्याच्या बारशाला पेढेसुद्धा वाटवेनात.

एव्हाना गाठोड्यात स्क्रिप्टपेक्षा कागदच जास्त झाले होते. एक कागद सामानाच्या यादीचा, वऱ्हाड निघताना ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवतात तसा. एक 'आधी हे वाचा' म्हणून. एक आवृत्तीगणिक काय बदलले त्याचा. एक परवान्याचा : खुशाल वापरा, बदला, वाटा, अटी पर्लच्याच. चाळीस ओळींच्या अडकित्त्याभोवती तीन-चारशे ओळींचे वेष्टन! मी थट्टा केली तेव्हा ती म्हणाली, "मामा, स्क्रिप्ट माझ्यासाठी होती. हे बाकीचं त्यांच्यासाठी आहे."

या 'बाकीच्या'त माझाही हात लागला. पर्लमध्ये वापरण्याची माहिती स्क्रिप्टच्याच फाइलीत, सूचनांच्या शेजारी लिहिण्याची सोय आहे. देवनागरी कधी न पाहिलेल्या माणसाला मराठीचा वर्णक्रम तीन वाक्यांत समजावून देण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले. वीस वर्षे वर्गात व्याख्याने देणाऱ्याला तीन वाक्ये म्हणजे किरकोळ! मी लिहिले की ळ हा ल चा सख्खा भाऊ वाटला तरी त्याचे बिऱ्हाड वर्णमालेच्या टोकाला आहे. उत्तर आले : "भाऊ नको, बिऱ्हाड नको. कुठे येतो तेवढं सांग." चार संध्याकाळी गेल्या तेव्हा कुठे ती तीन वाक्ये तिच्या पसंतीस उतरली. ती लिहिताना मला प्रथमच जाणवले की वर्गात माझी निम्मी व्याख्याने विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींच्या खांद्यावर उभी असतात. परक्यापुढे तो खांदा नसतो.

शेवटी चाचण्या. 'काल, काव, काळ, क्षमा, ज्ञान' असे शब्द उलटसुलट देऊन ते बरोबर क्रमाने येतात की नाही, हे तपासणाऱ्या छोट्या सूचनाही गाठोड्यातच घालायच्या. घेणाऱ्याच्या यंत्रावर आधी त्या चालतात आणि त्यांत पास झाली तरच स्क्रिप्ट घरात येते. एवढ्यानेही भागत नाही. जगभर काही स्वयंसेवक आहेत. भांडारात नवे काही आले की त्यांची यंत्रे ते आपणहून उतरवून घेतात, आपल्याकडे चालवून पाहतात आणि पास की नापास ते लेखकाला कळवतात. फेब्रुवारीत गाठोडे चढवल्यावर आठवडाभर भाचीकडे असे निकाल येत राहिले. एका जुन्या पर्लवर ती नापास झाली. 'याहून जुनी आवृत्ती चालणार नाही' अशी एक ओळ घालून तिने दुसरी आवृत्ती चढवली. पहिलीच फाइल गुपचूप दुरुस्त करून ठेवता येत नाही का, असे मी विचारले. येत नाही. एकदा एका क्रमांकाने दिलेले ते दिले. बदल करायचा तर नवा क्रमांक घ्यायचा आणि काय बदलले ते लिहायचे. शुद्धिपत्राची इतकी कडक शिस्त आमच्या पाठ्यपुस्तकांना लाभली असती तर!

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे वाटेल. त्याला २०१६ सालच्या मार्चमधले एक उदाहरण आहे. जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' या भांडारात 'लेफ्ट-पॅड' नावाची अकरा ओळींची एक चिमुकली वस्तू होती. शब्दाच्या डाव्या बाजूला हवी तितकी रिकामी जागा भरायची, एवढेच तिचे काम. तिचे लेखक अझेर कोचुलू यांचा दुसऱ्याच एका वस्तूच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. भांडाराने कौल कंपनीच्या बाजूने दिला. आणि रागावून त्यांनी आपल्या सगळ्याच वस्तू तेथून काढून घेतल्या. त्याबरोबर जगातल्या कितीतरी मोठमोठ्या प्रकल्पांची उभारणी जागच्या जागी अडली, कारण कुठे तरी खोल तळाशी त्या अकरा ओळी होत्या. काही तासांत भांडाराने त्या परत ठेवल्या आणि पुढे काढून घेण्याचे नियमही बदलले. लेखकाचा राग खरा असेल. पण दिलेल्या वस्तूवर परक्यांची घरे उभी राहतात हेही खरे. सीपॅनवरून लेखकाने आपली फाइल काढली तरी तिची प्रत जुन्या फायलींच्या एका वेगळ्या भांडारात राहते. दिलेले दान तेथे सहसा नाहीसे होत नाही.

आणि दाताच नाहीसा झाला तर? मला सर्वांत आवडली ती याची तजवीज. मॉड्यूलाची देखभाल आपल्याच्याने होणार नाही असे वाटले तर लेखक ते 'मला दत्तक घ्या' अशा अर्थाच्या एका नावावर करू शकतो. लेखक वारला आणि सांभाळणारा दुसरा कोणी नसला, तर व्यवस्थापकही त्याचे मॉड्यूल त्याच नावावर करून ठेवतात. मग कोणी तरी पुढे येते आणि ते सांभाळू लागते. यंत्रांच्या या कोरड्या जगात वारसाची एवढी काळजी कुणी घेत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

मे महिन्यात भाचीला एका परदेशी ग्रंथालयातून पत्र आले. तेथल्या जुन्या मराठी पुस्तकांची सूची लावायला कोणी गृहस्थ आमची स्क्रिप्ट वापरत होते. त्यांच्या यंत्रावर तयार झालेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्त येई आणि त्यापायी शेवटचा रकाना बिघडे. त्यांनी ते नेमके दाखवून दिले होते. तिने दोन ओळींत दुरुस्ती केली, नवा क्रमांक दिला आणि बदलांच्या कागदावर त्यांचे आभार मानले. "एवढं सगळं फुकट कशाला करायचं गं?" असे मी तिला एकदा विचारले होते. ती म्हणाली, "सादाहिरोंनी केलं नसतं तर तुझा ळ अजून ल च्या शेजारीच बसला असता ना?"

इकडे कार्डांची यादी आता चोख लागली आहे. पण ती अजून छापायला देता येत नाही. त्याचे कारण यंत्र नव्हे. सरांच्या कार्डांवर एकूण तेहतीस खुणा आहेत. गावांच्या खुणा त्यांच्या डायऱ्यांवरून आणि बाईंच्या आठवणीवरून उलगडल्या. अशा चोवीस लागल्या, नऊ राहिल्या. त्या नवांतला एक छोटा त्रिकोण तीनशेहून अधिक कार्डांच्या कोपऱ्यात आहे. 'पुन्हा विचारून खात्री केली' असा त्याचा अर्थ असेल, किंवा 'खात्री नाही, पुन्हा विचारायचे' असाही असेल. अर्थ अगदी उलट, आणि चिन्ह तेच. सरांना तो त्रिकोण आपल्या कपाटाच्या दारासारखा सवयीचा होता. घरच्या वस्तूला कोण चिठ्ठी लावतो? त्यांनी तिन्हीसांजेपर्यंत पायपीट करून मिळवलेले तीनशे शब्द त्या एका न लिहिलेल्या ओळीपाशी अडून बसले आहेत. ज्या म्हाताऱ्यांच्या तोंडून त्यांनी ते टिपले त्यांतले आता बहुतेक हयात नाहीत.

म्हणून या सुट्टीत मी यादीच्या आधी जोडायचा एक कागद लिहायला घेतला आहे. भाचीच्या गाठोड्यात असतो तसाच, 'आधी हे वाचा' या मथळ्याचा. कार्डे कुणी, कुठे, किती वर्षे जमवली. ती कोणी उतरवली. शब्द कोणत्या क्रमाने लावले. कोणती खूण कशाची. अलंकार टाळले आहेत, बिऱ्हाड नाही, भाऊ नाही. चोवीस खुणा अर्थासह दिल्या आहेत. उरलेल्या नऊ जशा आहेत तशाच काढून दाखवल्या आहेत, आणि त्रिकोणासमोर एवढेच लिहिले आहे : या खुणेचा अर्थ लागलेला नाही; कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.